१९५७ चा कौल आणि ‘माझी मैना’
अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड अखिल मराठी मनाचा उद्गार मानली जाते. १९५७ च्या निवडणुकीशी हे मत ताडून पाहिले पाहिजे. द्विभाषिक मुंबई राज्यात पश्चिम महाराष्ट्राने संयुक्त महाराष्ट्र समितीस कौल दिला. विदर्भ-मराठवाड्याने बव्हंशी काँग्रेसची पाठराखण केली. छक्कडीतील विरह बेळगाव-कारवारचा. नागपूरकडील मतभेदास तीत जागा नाही. हे वैगुण्य नव्हे. विरहाच्या रूपकात विरही मन एकसंध धरावेच लागते. चूक ते वास्तव समजणाऱ्या समीक्षेची.

तथापि अमेरिकेतील आजच्या लाल-निळ्या नकाशाप्रमाणे या कौलावरून प्रदेशांना प्रतिगामी वा पुरोगामी ठरविणेही फसवे. राज्यनिर्मितीनंतर, १९६२ साली, २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसकडे गेल्या. बार्शीच्या अमर शेखांची शाहिरी अभ्यासतानाही तिचा श्रोता कोणत्या प्रदेशातला, हे आधी पाहावे लागेल.