'ले मिझेराब्ल': मोठी कादंबरी दोघांनी वाचताना

प्रास्ताविक

व्हिक्टर ह्यूगो यांची 'ले मिझेराब्ल' ही फ्रेंच कादंबरी 1862 मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे पाच भाग आहेत. प्रत्येक भाग अनेक 'पुस्तकां'त विभागलेला असून एकूण 48 पुस्तके आणि 365 प्रकरणे होतात. तुमच्यापैकी अनेकांना तिचे कथानक सारांशातून किंवा चित्रपटातून माहीत असेल. भुकेल्या मुलांसाठी पाव चोरणारा ज्याँ वाल्ज्याँ, त्याची 19 वर्षांची सक्तमजुरी आणि त्याचा पिच्छा न सोडणारा पोलीस अधिकारी जाव्हेर ही त्याची ठळक रेघ. प्रत्यक्ष पुस्तक हातात घेतले की मात्र छाती दडपते. अशा वेळी एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला सोबत घ्या, असे या पाठात सुचवले आहे. सोबतीने उत्साह टिकतो हे खरेच, पण त्याहून महत्त्वाचे कारण वाङ्मयीन आहे. ही कादंबरी वाद घालणारी आहे, आणि वादाला दोन माणसे लागतात.

1. वगळण्याचा मोह

एकट्या वाचकाला कथा पुढे न्यायची घाई असते. ह्यूगो मात्र वारंवार थांबतात. पहिल्या पुस्तकाच्या 14 प्रकरणांत फक्त बिशप मिरिएल यांचे जीवन येते आणि नायक दुसऱ्या पुस्तकात दिसतो. दुसरा भाग वॉटर्लूच्या लढाईने सुरू होतो, तोही 19 प्रकरणे. पुढे मठाचा इतिहास, चोरांची बोली, पॅरिसची गटारे येतात. नॉर्मन डेनी यांच्या 1976 मधील इंग्रजी अनुवादात मठावरचे आणि चोरबोलीवरचे विवेचन मूळ जागेवरून काढून शेवटी परिशिष्टात ठेवले आहे. म्हणजे हा मोह अनुवादकालाही आवरत नाही.

दोघांनी वाचताना एक साधा नियम ठेवा. वगळायचे असेल तर आपण हे का वगळतो, ते दुसऱ्याला सांगायचे. वॉटर्लूवर हा नियम लावून पाहा. 18 जून 1815 ची लढाई संपली आहे, रात्र झाली आहे आणि तेनार्दिए नावाचा लुटारू प्रेतांच्या अंगावरचे दागिने काढतो आहे. त्यात तो पाँमेर्सी या जखमी अधिकाऱ्याला ढिगातून बाहेर ओढतो. पाँमेर्सीला वाटते, याने आपला जीव वाचवला. मरताना तो मुलाला, मारियुसला, चिठ्ठी ठेवतो की या माणसाचे ऋण फेड. पुढे हाच तेनार्दिए वाल्ज्याँला खोलीत कोंडतो, तेव्हा भिंतीपलीकडून पाहणारा मारियुस हातात पिस्तूल असूनही थिजतो. पोलिसांना खूण करावी, तर वडिलांची आज्ञा मोडते. न करावी, तर निरपराध माणूस मरतो. वॉटर्लू वगळणाऱ्याला मारियुसची ही कोंडी कळते, पण तिच्या मुळाशी एका चोराची लूट आहे हा कडवट विनोद कळत नाही.

गटारांचेही तसेच आहे. ह्यूगो हिशेब मांडतात की पॅरिस दरवर्षी अडीच कोटी फ्रँकांचे खत पाण्यात सोडते. हा विषयांतराचा कळस वाटतो. पण समाज ज्याला घाण म्हणून टाकून देतो त्यातच त्याची संपत्ती असते, हा विचार या कादंबरीतील माणसांनाही लागू पडतो. लगेच पुढे वाल्ज्याँ त्याच गटारातून बेशुद्ध मारियुसला खांद्यावर घेऊन निघतो.

याचा अर्थ सगळी विषयांतरे सारख्याच ताकदीची आहेत असा नाही. मठाच्या प्रकरणांत माहितीचे ओझे कथेला पेलत नाही, असे माझे मत आहे. तुमच्या सोबत्याचे मत वेगळे असेल, तर त्याला पुरावा मागा आणि तुम्हीही द्या.

2. जिथे मतभेद व्हायलाच हवा

पहिल्या भागातील खटल्याचा प्रसंग दोघांनी एकाच दिवशी वाचावा. वाल्ज्याँ आता नाव बदलून मादलेन झाला आहे. तो एका गावाचा महापौर आहे, त्याच्या कारखान्यावर शेकडो घरे चालतात. अशात शाँमाथ्यू नावाच्या भलत्याच माणसाला वाल्ज्याँ समजून पकडले जाते. गप्प बसले तर तो जन्मठेपेला जाईल. बोलले तर गाव उघड्यावर पडेल, आणि आजारी फाँतीनला तिची मुलगी कोझेत आणून देण्याचे वचनही मोडेल.

वाल्ज्याँ रात्रभर स्वतःशी झगडतो. तुमच्यापैकी एकाने बोलण्याची बाजू घ्यावी, दुसऱ्याने गप्प बसण्याची. दुसरी बाजू वाटते तितकी कमकुवत नाही. वाल्ज्याँ सत्य बोलतो, आणि गाव खरोखरच मोडकळीस येते. फाँतीन मुलीला न पाहताच मरते. ह्यूगो सत्याची किंमत लपवत नाहीत. म्हणूनच हा प्रसंग नीतिकथेच्या वर उठतो.

याच्या शेजारी कादंबरीतील खोटे ठेवून पाहा. वाल्ज्याँ चांदीची भांडी चोरतो, शिपाई त्याला पकडून आणतात आणि बिशप सांगतात की भांडी आपणच दिली. वर चांदीच्या मेणबत्तीदाण्याही देतात. आयुष्यात कधी खोटे न बोललेली सिस्टर सँप्लिस वाल्ज्याँला वाचवण्यासाठी जाव्हेरसमोर दोनदा खोटे बोलते. मग खरे बोलणे केव्हा धर्म आणि खोटे बोलणे केव्हा? एक सूत्र असे दिसते: स्वतःला वाचवणारे मौन ह्यूगो नाकारतात, दुसऱ्याला वाचवणारे खोटे स्वीकारतात. हे सूत्र कुठे तुटते, ते शोधा.

3. जाव्हेर आणि एकट्याचे वाचन

जाव्हेर दुष्ट नाही. तो प्रामाणिक आहे, कायद्याचा एकच अर्थ जाणतो आणि त्या अर्थाबद्दल कधी कोणाशी बोललेला नाही. 1832 च्या जूनमधील उठावात वाल्ज्याँ त्याला मारण्याऐवजी सोडून देतो. नंतर जाव्हेरही वाल्ज्याँला सोडतो. ज्याला गुन्हेगार ठरवले तो आपल्यापेक्षा थोर असू शकतो, हे त्याच्या चौकटीत बसत नाही आणि तो सेन नदीत उडी घेतो. वाल्ज्याँची चौकटही एकदा अशीच मोडली होती, पण त्याला त्या वेळी 'भाऊ' म्हणणारा बिशप भेटला होता. जाव्हेरला कोणी भेटत नाही. दोघांच्या नशिबातला फरक इथे आहे.

4. वाचनाची पद्धत

रोज एक प्रकरण वाचले तर वर्ष लागते. आठवड्याला एक 'पुस्तक' धरले तरी साधारण तेवढेच. दोघांनी वेगवेगळ्या भाषांतील अनुवाद घेतले तर उत्तम, कारण अडलेले वाक्य दोन अंगांनी तपासता येते. मराठी वाचकांना साने गुरुजींच्या 'दुःखी' या रूपांतराची मदत होईल. एकाने पूर्ण कादंबरी आणि दुसऱ्याने रूपांतर वाचून काय गळले याची यादी केली, तर तोच एक चांगला प्रकल्प ठरेल.

सोबती मागे पडला तर त्याला सारांश सांगू नका. एक प्रश्न विचारा, म्हणजे तो पुस्तकाकडे परत जाईल.

चर्चेसाठी प्रश्न

1. कोझेत ही स्वतंत्र व्यक्तिरेखा आहे की इतरांच्या प्रेमाचा विषय?
2. फाँतीनला वाल्ज्याँच्याच कारखान्यातून त्याच्या नकळत काढले जाते. त्याची जबाबदारी किती?
3. तुम्ही दोघांनी मिळून वगळावे असे ठरवलेले एक विषयांतर निवडा आणि ते वगळल्याने शेवटचा भाग वाचताना काय कमी पडले ते लिहा.