अर्थसाक्षरतेचे ऑनलाइन पाठ : व्याख्या आणि निर्णय

पैशाचे व्यवहार मुलांना शिकवावेत की नाही, हा वाद आता मागे पडला आहे. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१३ च्या पाहणीत देशातील सुमारे २० टक्के प्रौढ अर्थसाक्षर आढळले होते. २०१९ च्या पाहणीत हे प्रमाण २७ टक्के झाले. या केंद्राने ऑनलाइन पाठ तयार केले आहेत. राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्था सेबीच्या सहकार्याने गुंतवणूकदारांसाठी मोफत ऑनलाइन परीक्षा घेते. हे प्रयत्न स्वागतार्ह आहेतच. परंतु शिक्षकाने विचारायला हवा असा प्रश्न वेगळा आहे : पाठ पूर्ण केल्यावर शिकणारा पैशाचा निर्णय अधिक चांगला घेतो काय?

पुण्यातील धायरीचे उदाहरण घेऊ. येथील ‘डीएसके विश्व’ ही मोठी वसाहत अनेकांना ठाऊक आहे. ती उभारणाऱ्या समूहाकडे हजारो लोकांनी मुदत ठेवी ठेवल्या होत्या. त्यांत निवृत्त माणसे पुष्कळ होती. ठेवी परत मिळत नाहीत अशा तक्रारींवरून ऑक्टोबर २०१७ मध्ये गुन्हा नोंदला गेला. गुन्ह्याचा निवाडा हे न्यायालयाचे काम. आपला विषय ठेवीदाराच्या निर्णयाचा आहे. ‘मुदत ठेव म्हणजे काय?’ या प्रश्नाचे उत्तर यांतील बहुतेकांनी अचूक दिले असते. अडले ते पुढच्या प्रश्नाशी : ही ठेव बुडाली तर भरपाई कोण देणार?

पुण्याच्याच रुपी सहकारी बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला. तेथील ठेवीदारांना ठेव विम्याचा आधार होता. या विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाख रुपयांवर नेण्यात आली होती. कंपनीकडे ठेवलेल्या ठेवीला हा विमा लागू नाही. ‘मुदत ठेव’ हा शब्द दोन्हीकडे एकच, जोखीम मात्र निराळी. व्याख्या पाठ करून हा फरक हाती लागत नाही.

चार पर्यायांतून एक निवडायचा, ‘बरोबर’ अशी खूण आली की पुढचे पान उघडायचे, याला संवादी पाठ म्हणण्याची पद्धत पडली आहे. वस्तुतः ती छापील स्वाध्यायाचीच पडद्यावरील आवृत्ती होय. शिकणाऱ्याने घेतलेल्या निर्णयामुळे पुढे घडणारी गोष्ट बदलली, तरच पाठ संवादी ठरतो. रिझर्व्ह बँकेच्या मुंबईतील लोकपाल कार्यालयाने २०२२ मध्ये काढलेली ‘राजू अँड द फोर्टी थीव्ज’ ही पुस्तिका या बाबतीत एक पाऊल पुढे आहे. फसवणुकीच्या चाळीस प्रसंगांतून माणूस नेमका कोठे चुकतो, हे ती दाखवते. मात्र तेथेही चूक राजू करतो. वाचकाला ती करून पाहता येत नाही.

चूक करून पाहण्याची सोय कशी करता येईल? समजा, बँक ७ टक्के व्याज देते आणि कंपनी १२ टक्के. २२ जणांनी प्रत्येकी १ लाख रुपये बँकेत ठेवले, तर वर्षाअखेर सर्वांचे मिळून २३.५४ लाख होतील. त्याच २२ जणांनी २२ वेगवेगळ्या कंपन्या निवडल्या आणि त्यांपैकी एकच पूर्ण बुडाली, तर उरलेल्या २१ जणांचे मिळून २३.५२ लाख होतात. म्हणजे बावीसांतील एका अपयशाने जादा व्याजाचा सारा लाभ संपला; शिवाय एका घरातील सर्व बचत गेली. पडद्यावर विद्यार्थ्याने स्वतः कंपनी निवडावी, निकाल पाहावा, आकडे बदलून पुन्हा खेळावे. संगणक नसेल तर वर्गात २२ चिठ्ठ्या पुरतात.

संशोधन काय सांगते? फर्नांडिस, लिंच आणि नेटेमायर यांनी २०१४ मध्ये २०१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. माणसामाणसांच्या आर्थिक वर्तनातील फरकापैकी अवघा ०.१ टक्का भाग अशा शिक्षणाने स्पष्ट होतो आणि काळ जाईल तसा परिणाम ओसरतो, असे त्यांना दिसले. उलट, कायझर, लुसार्डी व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ७६ यादृच्छिक प्रयोग तपासले, तेव्हा ज्ञान आणि वर्तन या दोहोंवर चांगला परिणाम आढळला. तात्पर्य, शिकवण्याचा उपयोग होऊ शकतो. पण तो गृहीत धरता येत नाही, मोजावा लागतो. आणि किती जणांनी प्रमाणपत्र मिळवले, हे ते मोजमाप नव्हे.

२०१४ च्या आढाव्यातील एक सूचना मोलाची आहे : निर्णयाची वेळ येईल तेव्हा शिकवा. नववीतील मुलीला कंपनी ठेवीचा निर्णय घ्यायचा नसतो. परंतु मोबाइलवरून पैसे देण्याचा प्रसंग तिच्यावर रोज येतो. ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ असा निरोप आला तर काय करावे? पिन पैसे देण्यासाठी लागतो, मिळवण्यासाठी नाही. तिचा पाठ येथून सुरू व्हावा. ठेवीचा पाठ तिने घरी नेऊन आजी-आजोबांसोबत सोडवावा.

आपल्या शाळेसाठी एखादा पाठ निवडताना शिक्षकांनी तो आधी स्वतः करून पाहावा आणि मुद्दाम चुकीचे उत्तर द्यावे. त्या उत्तराचा परिणाम पाठ आकड्यांत दाखवत असेल, तर तो वर्गात न्यावा. नुसते ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणत असेल, तर त्यापेक्षा २२ चिठ्ठ्या बऱ्या.