गुंतवणूकविषयक दृक्‌श्राव्य व्याख्याने : एक चिकित्सा

अर्थव्यवहाराचे ज्ञान सामान्य वाचकास त्याच्या भाषेत द्यावे, ही आकांक्षा मराठीत नवी नाही. लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ व कृष्णशास्त्री चिपळूणकरांची ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ हे ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचे. आज हे कार्य ग्रंथांकडून बऱ्याच अंशी यूट्यूबवरील वाहिन्यांकडे गेले आहे. मार्च २०२० मध्ये देशातील डिमॅट खाती सुमारे चार कोटी होती. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी दहा कोटींचा आकडा ओलांडला. या नव्या खातेदारांपैकी अनेकांना बाजाराचा पहिला धडा दूरध्वनीच्या पडद्यावर मिळाला. ज्या वाङ्मयाच्या आधारे माणसे आपली शिल्लक पणास लावतात, त्याची चिकित्सा व्हावयास हवी. ही व्याख्याने ‘करमणूक’ म्हणून सोडून देणे हे समीक्षेचे कर्तव्य टाळणे होय. प्रस्तुत लेखात त्यांची रचना, उदाहरणे व भाषा या तीन अंगांचाच विचार केला आहे.

प्रथम गुणांचा उल्लेख करणे न्याय्य ठरेल. पुण्याच्या चार्टर्ड अकौंटंट रचना रानडे यांच्यासारख्या व्याख्यात्यांनी वर्गातील शिकवण्याची शिस्त या माध्यमात आणली, आणि मराठीसाठी स्वतंत्र वाहिनीही चालविली. पूर्वी ताळेबंद म्हणजे काय हे समजून घेण्यास वाणिज्य शाखेची पायरी चढावी लागे. आज एखादी गृहिणी अथवा तालुक्याच्या गावचा शिक्षक तेच विवेचन, न समजलेला भाग पुनःपुन्हा ऐकत, विनामूल्य समजून घेऊ शकतो. प्रश्न विचारण्याचा संकोच ज्याला वर्गात गप्प बसवितो, त्याला ही सोय फार मोलाची आहे. मौखिक अध्यापनाची आपली परंपरा पाहता हे माध्यम आपल्याला परकेही वाटू नये.

परंतु या परंपरेशी तुलना केली की रचनेतील पहिला दोष दृष्टोत्पत्तीस येतो. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात सिद्धांताचे निरूपण होते व उत्तररंगात आख्यान येते. आख्यान कितीही रंगले तरी ते आधी मांडलेल्या सिद्धांताच्या आधीन असते. गुंतवणुकीच्या पुष्कळ व्याख्यानांत हा क्रम उलटलेला असतो. आरंभीच एका समभागाचे आख्यान येते : अमुक वर्षी लाख रुपये घातले असते तर आज इतके कोटी झाले असते. सिद्धांत मागाहून येतो, तोही या आख्यानास शोभेल एवढाच. वस्तुतः त्याच वर्षी तितक्याच आशेने घेतलेले आणि पुढे मातीमोल झालेले समभाग या कथेत कोठेच नसतात. विजेत्यांच्या नावांवरून शर्यतीचा नियम काढणे हा तर्कदोष आहे. आणि आख्यान जितके रसाळ, तितका तो दोष अदृश्य.

दुसरे अंग उदाहरणांचे. दरमहा ५,००० रुपयांची गुंतवणूक, वार्षिक १२ टक्के वाढ आणि २० वर्षांची मुदत, हे गणित या व्याख्यानांतील जणू नित्यपाठ होय. एकूण भरणा १२ लाखांचा. अखेरची रक्कम सुमारे ५० लाख. गणित अचूक आहे, पण ते अपुरे आहे. महागाई दरसाल ६ टक्के धरली तर त्या ५० लाखांचे मोल आजच्या साडेपंधरा लाखांच्या आसपास उतरते. खर्च व दलालीपायी परतावा एका टक्क्याने घटला, तर अखेरची रक्कम ५० लाखांवरून सुमारे ४४ लाखांवर येते. शिवाय १२ टक्के हा दर कोणी लिहून दिलेला नसतो. तो एक अंदाज आहे. चक्रवाढीचे चमत्कार सांगणाऱ्याने महागाई, खर्च आणि अनिश्चितता ही तीन वाक्ये त्याच दमात उच्चारली नाहीत, तर त्याने असत्य सांगितले असे होत नाही. मात्र सत्याचा सोयीचा भाग तेवढाच सांगितला असे म्हणावे लागते.

तिसरे अंग भाषेचे, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर दोष तेथेच आहे. मराठीने बचत, गुंतवणूक आणि सट्टा हे तीन शब्द वेगळे राखले आहेत. पैसा ‘साठविणे’, ‘गुंतविणे’ आणि ‘लावणे’ या क्रियापदांतही तोच विवेक आहे. ‘लावला’ म्हणताच तो जाऊ शकतो हे ऐकणाऱ्याला कळते. नव्या वाहिन्यांवर मात्र ‘ट्रेडिंग’ हा एकच शब्द येतो व या सीमारेषा पुसून टाकतो. परभाषेतील शब्द घेण्यास माझा आक्षेप नाही. ‘शेअर’ आणि ‘बँक’ केव्हाच मराठी झाले. आक्षेप आहे तो शब्दाने केलेल्या झाकपाकीला. ‘मी सट्टा खेळतो’ असे घरात सांगण्यास जो संकोचेल, तो ‘मी ऑप्शनमध्ये ट्रेडिंग करतो’ असे अभिमानाने सांगतो.

या झाकपाकीची किंमत आकड्यांत दिसते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात वायदे व ऑप्शन यांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांचा तोटा झाला, आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. हा सर्व दोष वाहिन्यांचा नव्हे. परंतु शंभरांत सात हे प्रमाण ज्या शिकवणीत पहिल्याच दिवशी सांगितले जात नाही, ती शिकवणी नसून आमंत्रण असते.

फसवणुकीची प्रकरणे याहून वेगळी मानावयास हवीत. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या समभागांसंबंधी सेबीने मार्च २०२३ मध्ये अंतरिम आदेश काढला. जुलै २०२२ मध्ये यूट्यूबवर दिशाभूल करणाऱ्या चित्रफिती प्रसृत झाल्या, भाव व उलाढाल वाढली आणि संबंधितांनी आपले समभाग विकले, असे सेबीचे म्हणणे होते. अशा प्रकरणांचा निवाडा कायदा करील. समीक्षेचे क्षेत्र प्रामाणिक पण सदोष अध्यापनाचे आहे.

शिक्षण आणि सल्ला यांतील भेद कसा ओळखावा ? सेबीच्या जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने येथे एक मार्मिक कसोटी पुरविली. केवळ शिक्षण देणाऱ्याने मागील तीन महिन्यांतील बाजारभाव वापरून कोणत्याही समभागाविषयी बोलू नये, असे त्यात म्हटले होते. नियम प्रशासकीय असला तरी त्यात वाङ्मयीन विवेक आहे. ताळेबंद वाचण्याची रीत तीन महिन्यांनी शिळी होत नाही. ‘उद्या काय घ्यावे’ हे मात्र तीन दिवसांतच शिळे होते. जे व्याख्यान जुन्या भावांवर उभे राहू शकत नाही, ते मुळात व्याख्यान नव्हतेच.

१८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतील शेअरांचा उन्माद ओसरला. पुढे १८६८ मध्ये बँक ऑफ बॉम्बेही बुडीत निघाली. त्या काळी वाहिन्या नव्हत्या. कानोकानी पसरलेली वार्ता पुरेशी होती. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. लोभ माध्यमाने निर्माण केलेला नाही, हे एक. आणि लोभाला ज्ञानाचा वेष चढविण्याचे सामर्थ्य मात्र आजच्या माध्यमाला अधिक आहे, हे दुसरे. म्हणून या वाहिन्या बंद व्हाव्यात असे कोणी म्हणू नये. व्याख्यात्याची दोन वर्षांपूर्वीची विधाने आज ताडून पाहावीत, त्याचे उत्पन्न कशातून येते हे विचारावे, आणि तोट्याविषयी तो किती वेळ बोलतो हे मोजावे. एवढी चिकित्सक सवय श्रोत्यास लागली तरी पुरे. ग्रंथाच्या बाबतीत ही सवय आपण विद्यार्थ्यांना लावतो. पडद्याच्या बाबतीत ती न लावण्याचे कोणतेही सयुक्तिक कारण दिसत नाही.