सिंहाचा पाला, सिफूची हाक

चायनाटाउनमधल्या नव्या दुकानाच्या दारावर लेट्यूसचा गड्डा टांगलेला असतो, सोबत पैशांचं लाल पाकीट. ढोल घुमतो आणि सिंह उठतो. पुढच्या नर्तकाकडे डोकं, मागचा कमरेत वाकून सिंहाचं धड झालेला. गड्डा उंच असेल तर पुढच्याला मागच्याच्या मांड्यांवर पाय रोवून उभं राहावं लागतं. सिंह पाला ‘खातो’, पानं गर्दीवर उधळतो आणि पाकीट ठेवून घेतो. नाचणारी पोरं बहुधा तिथल्याच एखाद्या कुंग फू शाळेतली असतात. युद्धकला, धंदा, शेजार आणि नातीगोती अशी एकाच उंबऱ्यावर येतात. किशोरांच्या रहस्यकथेला याहून चांगली जागा मिळणं कठीण.

लॉरेन्स येप यांनी ती बरोबर हेरली. १९४८ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेले येप वडिलांच्या किराणा दुकानात हातभार लावत वाढले. ‘ड्रॅगनविंग्ज’ (१९७५) या कादंबरीने त्यांचं नाव झालं. १९९७ ते १९९९ या काळात त्यांनी चायनाटाउनमधल्या तीन रहस्यकथा लिहिल्या. शोध घेणारी जोडी म्हणजे शाळकरी लिली आणि टायगर लिल ही तिच्या नात्यातली, एकेकाळी सिनेमात चमकलेली बाई. पहिल्या कथेत नववर्षाच्या मिरवणुकीत मोती चोरीला जातात आणि माग काढता काढता दोघी शिवणकामाच्या कारखान्यात राबणाऱ्या बायकांपर्यंत पोचतात. दुसऱ्या कथेचं नावच सिंहनृत्यावरून आहे. या पुस्तकांत हाणामारी थोडी आहे, आणि ते योग्यच आहे. चोर सापडतो, पण लक्षात राहतं ते आपल्याच माणसांची नव्याने ओळख होणारं पोर.

मारामारी आणि रहस्य यांची सांगड तैवानमध्ये गु लोंग यांनी आधीच घातली होती. त्यांचा लू शियाओफेंग ‘चार भुवयांचा’, कारण मिशाही भुवयांसारख्याच. कोडं सोडवण्यात तो पटाईत, मित्र भरपूर. घर मात्र नाही. गु लोंग यांचे नायक असेच बिनघरचे, म्हणून त्यांची रहस्यं चटकदार असूनही थंड वाटतात.

अमेरिकन लेखक जेफ स्टोन यांची ‘द फाइव्ह अ‍ॅन्सेस्टर्स’ ही किशोरमाला (२००५ पासून) वेगळी वाट धरते. मठ उद्ध्वस्त होतो, पाच अनाथ शिष्य विखुरतात आणि उलटलेला असतो तो त्यांचाच थोरला गुरुबंधू. कल्पना जबरदस्त आहे. पण पानामागून पान वाघ-माकडांच्या पवित्र्यांत खर्ची पडतं आणि त्या गुरुबंधूचं दुःख हाताला लागत नाही.

तसं दुःख हाताला लागतं चार्ल्स यू यांच्या ‘इंटीरियर चायनाटाउन’मध्ये. २०२०चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळवणारी ही कादंबरी मोठ्यांसाठी आहे, तरी किशोरांच्या लेखकांनी ती वाचावीच. पोलिसी मालिकेतल्या किरकोळ भूमिका करणाऱ्या विलिसचे वडील एकेकाळी पडद्यावरचे सिफू होते. आता ते थकलेले, लहानशा खोलीत राहणारे.

सिफू म्हणजे गुरू, मँडरिनमधला शिफू. त्याच्या लिखाणातलं दुसरं अक्षर ‘वडील’ या अर्थाचं. तालमीतली सारी माणसं घरच्याच नात्यांनी बांधलेली असतात: थोरला भाऊ, धाकटा भाऊ, थोरली बहीण. इंग्रजीत हे सपाट होतं. वडिलांचा भाऊ ‘अंकल’ आणि आईचा भाऊही ‘अंकल’. मग आडनाव कोणाचं, वारसा कोणाकडे, हा रहस्याचा धागाच हरवतो. काका-मामा, आत्या-मावशी, गुरुबंधू-गुरुभगिनी हे सगळं मराठीत आयतं आहे. चिनीत मात्र वडिलांच्या थोरल्या आणि धाकट्या भावाला वेगळे शब्द असतात. तेवढं ‘थोरले काका’, ‘धाकटे काका’ म्हणून भागवता येईल.

जिन योंग यांच्या एका कादंबरीत यांग गुओ आपल्या तरुण गुरूला ‘गुगु’ म्हणतो आणि पुढे तिच्याच प्रेमात पडतो. गुगु म्हणजे वडिलांची बहीण. मराठीत तो तिला सरळ ‘आत्या’ अशी हाक मारेल, आणि सारं जग त्या दोघांवर का उठलं, हे वाचकाला तळटीप न देता कळेल.