तारे, काटे आणि गोगलगाय

उत्तर इटलीत गार्दा सरोवराच्या काठावर मोनीगा नावाचं लहानसं गाव आहे. 2015 साली या गावात जेवायला सगळ्यात चांगली जागा कोणती, असं ‘ट्रिपअ‍ॅडव्हायझर’वर पाहिलं, तर काही काळ ‘स्कालेत्ता’ हे नाव पहिल्या क्रमांकावर दिसत होतं. हे रेस्टॉरंट अस्तित्वातच नव्हतं. ‘इतालिया आ ताव्होला’ या खाद्यव्यवसायाला वाहिलेल्या पत्राने ते मुद्दाम रचलं होतं आणि मोजक्या खोट्या अभिप्रायांच्या जोरावर महिन्याभरात सर्वांच्या वर नेऊन बसवलं होतं. पुढे 2018 मध्ये लेच्चे शहरातल्या न्यायालयाने खोटे अभिप्राय विकण्याचा धंदा करणाऱ्याला नऊ महिन्यांची कैद सुनावली.

अशा बातम्या आल्या की मुरलेले समीक्षक समाधानाने मान डोलावतात. बघा, म्हणूनच आमची गरज आहे! त्यांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. अनोळखी लोकांच्या अभिप्रायांवर इटलीतला खवय्या विसंबला, त्याला समीक्षकांचं मौनही कारणीभूत आहे. स्तुती करणं आणि श्रेणी लावणं यांत इटालियन रेस्टॉरंट-समीक्षा तरबेज झाली. वाईट जेवणाला वाईट म्हणण्याची सवय मात्र तिने हळूहळू सोडली.

सुरुवात अशी नव्हती. 1957 मध्ये कादंबरीकार आणि चित्रपट-दिग्दर्शक मारिओ सोल्दाती इटलीच्या सरकारी टीव्हीसाठी पो नदीच्या खोऱ्यातून अस्सल अन्नाच्या शोधात निघाला. टीव्ही तेव्हा नवा होता आणि देश झपाट्याने कारखान्यांकडे वळत होता. सोल्दाती खानावळींत शिरतो, शेतकऱ्यांशी गप्पा मारतो, चवीने खातो. पण हे सगळं संपत चाललंय ही धास्ती त्या प्रवासात सतत जाणवते. त्यानंतरचा मोठा माणूस लुइजी वेरोनेल्ली. तत्त्वज्ञानाकडून वाइनकडे आलेला, अराजकवादी वृत्तीचा, लहान शेतकऱ्याच्या बाजूने भांडणारा. खाण्यापिण्याबद्दल लिहिताना भाषा कशी पणाला लावायची, हे इटलीला त्याने शिकवलं.

तिसरं नाव ऐकून दचकायला होतं. फेदेरिको उम्बेर्तो द’आमातो हा गृहखात्याच्या गुप्तवार्ता विभागाचा प्रमुख. देशातल्या राजकीय हिंसाचाराच्या काळ्या दशकांतल्या अनेक संशयास्पद प्रकरणांत त्याचं नाव घेतलं जातं. हाच माणूस ‘लेस्प्रेसो’ साप्ताहिकात टोपणनावाने खाण्यावरचं सदर लिहीत असे आणि 1970च्या दशकाच्या अखेरीस निघालेल्या त्या साप्ताहिकाच्या रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेमागेही तो होता. नाव लपवून टेबलावर बसायचं, सगळं टिपायचं आणि नंतर अहवाल द्यायचा. कामाचा अनुभव दांडगा होता म्हणायचा!

एदोआर्दो रास्पेल्लीने 1970च्या दशकात मिलानच्या एका दैनिकात जे केलं, ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. तो स्वतःला खाद्यक्षेत्राचा बातमीदार म्हणवतो. कुठे काय खाल्लं, किती पैसे पडले, काय शिळं निघालं, स्वच्छतागृह कसं होतं, असं सगळं तो नावानिशी छापत असे. त्याच्यावर खटले झाले. वाचकाच्या खिशाची काळजी करणारं लेखन असं दिसतं.

दुसरीकडे फ्रान्समधून मिशेलिन ही रेस्टॉरंटांना तारे देणारी मार्गदर्शिका आली. 1959 मध्ये इटलीतल्या रेस्टॉरंटांना पहिले तारे मिळाले आणि 1985 मध्ये मिलानच्या ग्वाल्तिएरो मार्केझींना तीन. तोवर कुठल्याही इटालियन रेस्टॉरंटला इतके मिळाले नव्हते. केशरी भातावर सोन्याचा वर्ख ठेवणारे हे मार्केझी 2008 मध्ये उलटले. आम्हाला गुण नकोत, आमच्या पदार्थांवर काही लिहा, असं त्यांनी जाहीरपणे सुनावलं. हवे ते तारे मिळून गेल्यावर बंड करणं सोपं असतं, हे खरंच. तरी मुद्दा बरोबर होता. वीसपैकी साडेपंधरा म्हणजे काय, हे वाचून कुणाच्या जिभेवर कसली चव येणार?

मार्केझींना तीन तारे मिळाल्याच्या पुढच्याच वर्षी रोमच्या पियाझ्झा दी स्पान्याजवळ मॅकडोनाल्ड्स उघडलं आणि निदर्शनं झाली. त्याच 1986च्या डिसेंबरमध्ये ‘इल मानिफेस्तो’ या साम्यवादी दैनिकाची खाण्यापिण्यावरची आठ पानी पुरवणी म्हणून ‘गांबेरो रोस्सो’ जन्माला आलं. पिनोकिओच्या गोष्टीत कोल्हा आणि मांजर ज्या खानावळीत यथेच्छ हादडून बिल पिनोकिओच्या गळ्यात मारतात, तिचं हे नाव. डाव्यांनी चवीने खाणं हा नागरिकाचा हक्क ठरवला, आणि फसवल्या जाणाऱ्या गिऱ्हाइकाचं चित्र थेट शीर्षकावर घेतलं. कार्लो पेत्रिनींची ‘स्लो फूड’ चळवळही याच वातावरणातली. 1990 पासून तिची ‘ओस्तेरिए दितालिया’ ही मार्गदर्शिका निघते. तिने साध्या खानावळी शोधल्या, माणशी खर्चाला मर्यादा घातली आणि गुणांऐवजी आवडत्या जागांपुढे गोगलगायीची खूण ठेवली. घेण्यासारखी मार्गदर्शिका एकच विचाराल, तर मी आजही हीच सांगेन.

खरी अडचण त्रात्तोरियाची, म्हणजे साध्या घरगुती खानावळीची आहे. मोठ्या शेफचं परीक्षण तुलनेने सोपं असतं, कारण तो काहीतरी नवं करतो आणि नव्याबद्दल बोलायला शब्द सुचतात. रोमच्या गल्लीतल्या त्रात्तोरियात मात्र गुरुवारी न्योकी, शुक्रवारी मासा, शनिवारी त्रिप्पा म्हणजे वजडी, हा क्रम जुनाच. कार्बोनारा, ग्रिचा, आमात्रिचाना, काचो ए पेपे हे चार पास्ता शेजारच्या दारातही मिळतात. वरणभातावर समीक्षा लिहायला बसावं तसं हे काम. इथे फरक असतो तो पास्ता किती शिजला, अंड्याचं सायीसारखं मिश्रण झालं की गुठळ्या, ग्वान्चाले (डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस) खरपूस आहे की नुसतं तेलकट, यात. हे टिपायला त्याच जागी पुन्हापुन्हा जावं लागतं, आपल्या पैशाने. मार्गदर्शिकांना ते परवडत नाही. मग ‘घरगुती वातावरण’, ‘आजीच्या हातची चव’ असल्या तयार वाक्यांवर निभावतं. आजीची चव हा तर समीक्षेचा शत्रूच. प्रत्येकाची आजी वेगळी, आणि काही आज्या अगदी सामान्य स्वयंपाक करत असणार.

या आजीभक्तीला इतिहासाचाही फारसा आधार नाही. पार्मा विद्यापीठातले अल्बेर्तो ग्रांदी गेली काही वर्षं हेच सांगून लोकांचा राग ओढवून घेत आहेत. कार्बोनाराच घ्या. तिची सर्वांत जुनी ज्ञात छापील कृती 1952ची, शिकागोतल्या रेस्टॉरंटांची ओळख करून देणाऱ्या पुस्तकातली. इटलीत 1954 मध्ये ‘ला कुचिना इतालियाना’ मासिकात ती आली तेव्हा तीत लसूण आणि ग्रुयेर चीज होतं. आज तेच कुणी रोममध्ये वाढलं, तर समीक्षक त्याला सोलून काढतील. तरी परंपरेवर शिक्के मारणं थांबलं नाही. 1982 मध्ये बोलोन्याच्या वाणिज्य मंडळात रागू या मांसाच्या सॉसची अधिकृत कृती रीतसर जमा केली गेली. डिसेंबर 2025 मध्ये दिल्लीत भरलेल्या बैठकीत युनेस्कोने इटालियन पाककलेला वारसा म्हणून मान्यता दिली. आपली दिवाळीही त्याच बैठकीत त्या यादीत गेली. आनंद आहे. पण वारसा ठरलेल्या गोष्टीला नावं ठेवताना माणूस दबकतो, आणि समीक्षकाने दबकून चालत नाही.

तो दबकला नाही तर काय होतं, हे मोदेनात दिसलं. शेफ मास्सिमो बोत्तुरांचं ‘ओस्तेरिया फ्रांचेस्काना’ सुरुवातीला गावकऱ्यांना मुळीच पसंत नव्हतं. तोर्तेल्लिनी वाडगाभर देण्याऐवजी सहाच मोजून वाढणारा माणूस त्यांना चेष्टेखोर वाटला. 2001 मध्ये मिलानहून रोमला निघालेला एक नामवंत समीक्षक महामार्गावर अडकला म्हणून मोदेनात जेवायला उतरला, त्याने भरभरून लिहिलं आणि दिवस पालटले. 2016 आणि 2018 मध्ये हेच रेस्टॉरंट जगातल्या पन्नास सर्वोत्तमांच्या यादीत पहिलं आलं. समीक्षकाने गावाच्या मताविरुद्ध आपली जीभ खरी मानली, एवढं कौतुक निर्विवाद. मात्र तेव्हापासून अशा एका शेफच्या शोधात सगळे असतात आणि उरलेल्या लाखो ताटांकडे पाहायला कुणाला फुरसत नाही.

त्या ताटांबद्दल लिहिण्याजोगं पुष्कळ आहे. इटलीत मेनूवर गोठवलेल्या जिन्नसापुढे तारांकन करावं लागतं. ते लपवणं न्यायालयं फसवणुकीचा प्रयत्न मानतात. किनाऱ्यावरच्या मेनूत किती मासे तारांकित आहेत, हे कुठल्या परीक्षणात वाचायला मिळतं? कोपेर्तो, म्हणजे नुसतं बसण्याचे माणशी पैसे, रोमच्या लात्सियो प्रांताने 2006 मध्ये कायद्याने बंद केले. रोममधल्या बऱ्याच बिलांवर ते आता ‘पाव’ या नावाने दिसतात. तो पाव ताजा होता का, न मागता आणला का, नको म्हटल्यावर बिलातून वगळला का, एवढ्या तीन ओळी परीक्षणात असल्या तरी मला मिशेलिनच्या ताऱ्याहून जास्त उपयोग होईल.