मांस नसलेल्या ताटलीची चव

'काउबॉय बेबॉप' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेच्या पहिल्याच भागात जेट ब्लॅक हा धिप्पाड गडी स्वयंपाक करतो. बेत आहे ढोबळी मिरची आणि मांस. त्याचा जोडीदार स्पाइक स्पीगल ताटलीतले तुकडे चाळवून पाहतो आणि कुरकुरतो, की यात मांस कुठेच नाही. जेटचे उत्तर एवढेच, की खिसा रिकामा असला की मांसाविनाही या पदार्थाचे नाव तेच राहते. वर्ष आहे 2071. मंगळावर शहरे वसली आहेत, ग्रहाग्रहांमधले अंतर ओलांडायला अवकाशात महाद्वारे उभी राहिली आहेत, आणि या साऱ्या वैभवाच्या मधोमध दोन भुकेली माणसे एका ताटलीवरून वाद घालत बसली आहेत. फरारी गुन्हेगार पकडून त्यांच्यावरच्या इनामावर जगणाऱ्या या दोघांच्या हातातून इनाम बहुतेक वेळा निसटते. मालिकेची अवघी गोडी आपल्याला इथेच पहिल्या घासाला लागते.

दिग्दर्शक शिनइचिरो वातानाबे आणि सनराइज स्टुडिओ यांची ही 26 भागांची मालिका 1998 साली जपानी दूरचित्रवाणीवर आली. विज्ञानकथेतले भविष्य बहुधा कोरे करकरीत असते. हे भविष्य मात्र वापरून वापरून मऊ झालेले आहे. एका महाद्वाराच्या स्फोटात चंद्राचा लचका तुटला, त्याचे दगड अजून पृथ्वीवर कोसळतात आणि उरलेली माणसे जमिनीखाली राहतात. 'बेबॉप' हे जहाजसुद्धा मुळात मासेमारीचे, गंजलेले, डागडुजीवर चालणारे. जेटचा एक हात धातूचा आहे आणि असा हा गडी बोन्साय छाटतो. ती कात्री, ते इवलेसे झाड आणि खिडकीबाहेरचा अथांग अंधार हे एकाच चौकटीत पाहावे आणि चित्रकाराच्या संयमाला मनोमन दाद द्यावी.

आणि संगीत! योको कान्नो यांनी या मालिकेसाठी 'सीटबेल्ट्स' हा वाद्यवृंद जमवला. शीर्षकसंगीत 'टँक!' सुरू होते ते पितळी वाद्यांच्या गर्जनेने. मग मोठ्या बेस वाद्याची दमदार चाल आणि तिच्यावर बोंगोंची झड. जामखेडच्या कलाकेंद्रांत ढोलकीच्या तोड्यावर ज्याचा पाय आपोआप हलला आहे, त्याला या बोंगोंची ओळख करून द्यावी लागत नाही. प्रत्येक भागाला इथे 'सेशन' म्हटले आहे, जणू वादकांची एकेक बैठकच. एखादी बैठक जॅझची, एखादी ब्लूजची, एखादी दणदणीत रॉकची; जसा सूर तशी त्या भागाची चाल, प्रकाश आणि बोलण्यातली थांबण्याची जागासुद्धा.

पाचव्या भागातला चर्चचा प्रसंग तर पुन्हा पुन्हा पाहावा असा. जुना सोबती आणि आताचा वैरी व्हिशस स्पाइकला उंच खिडकीतून बाहेर फेकतो. रंगीत काचा फुटतात, मागे स्फोट होतो, आणि ज्या क्षणी कानठळ्या बसाव्यात त्याच क्षणी सगळे आवाज विरून जाऊन पियानोवर कोवळ्या स्वरांचे समूहगान उमलते. स्पाइक सावकाश खाली येत राहतो आणि त्या पडण्याच्या अवधीत त्याचे पूर्वायुष्य तुकड्यातुकड्यांनी झळकून जाते: रक्त, पाऊस, आणि त्याची शुश्रूषा करताना गुणगुणणारी एक स्त्री. कोण ती, काय घडले, हे कुणी सांगत नाही. मग तो शुद्धीवर येतो तेव्हा शेजारी खरोखरच कुणी गुणगुणत असते, पण ती आहे फे व्हॅलेंटाइन, जहाजावरची तिखट सोबतीण. नखशिखान्त पट्ट्यांत गुंडाळलेला स्पाइक तिला जवळ बोलावतो आणि सांगतो, की तू बेसूर गातेस. उशीचा तडाखा बसतो! उदात्ताच्या शिखरावरून घरगुती खोडीपर्यंतची ही उतरण इतकी अलगद आहे, की हसता हसता आपल्या ध्यानात येते: या माणसाच्या आयुष्यातली मुख्य कथा केव्हाच घडून गेली आहे आणि आपण पाहतो आहोत ते तिच्यानंतरचे दिवस.

माझ्या मते या मालिकेची शैली ती हीच. खिशात हात घालून किंचित वाकून चालणारा, ब्रूस लीच्या जीत कुन दो या युद्धकलेत पाण्यासारखा वाहणारा स्पाइक ऐटबाज दिसतो, कारण त्या ऐटीच्या आधारानेच तो आपले ओझे पेलतो आहे. फेचे तर उलटे. 54 वर्षे शीतनिद्रेत काढून ती जागी झाली, तिचा भूतकाळ पुसला गेला. अठराव्या भागात एका जुन्या बीटा टेपवर तिला तिचीच किशोरवयातली छबी भेटते. ती मुलगी भविष्यातल्या स्वतःला हुरूप देत नाचते आहे, आणि पडद्यापुढे बसलेल्या फेला त्यातले काहीच आठवत नाही. इथे दिग्दर्शकाने तिला मोठ्याने रडवले नाही, याबद्दल त्याचे ऋण मानावे.

मुख्य कथा घडून गेल्यानंतरच्या दिवसांची ही चव आमच्या खर्डा गावाला परकी नाही. 11 मार्च 1795 रोजी इथे मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. शिंदे, होळकर, भोसले पेशव्यांच्या निशाणाखाली एकत्र लढले ते अखेरचे. त्याच वर्षी सवाई माधवराव गेले आणि दौलतीत फाटाफूट झाली. एकत्र असण्याचे दिवस असतात तेव्हा ते अखेरचे आहेत हे कुणाला ठाऊक नसते, आणि 'बेबॉप'वरच्या मंडळींनाही ते ठाऊक नाही. चोविसाव्या भागात फे जहाज सोडते. मग अवखळ संगणकपटू एड आणि आइन नावाचा चलाख कुत्राही निघून जातात. जेटने अंडी उकडली आहेत ती सगळ्यांसाठी. दोघे पुरुष समोरासमोर बसतात आणि एक शब्दही न बोलता, जवळजवळ रागाने, गेलेल्यांच्या वाट्याची अंडीसुद्धा तोंडात कोंबत राहतात. पहिल्या भागात ताटलीत मांस नव्हते, इथे खायला आहे पण खाणारे नाहीत. आणि त्या अंड्यांइतका बोलका निरोप मी अ‍ॅनिमेत दुसरा पाहिलेला नाही.

आपण पाहाल तेव्हा भाग क्रमानेच पाहा आणि रात्रीला एकच पाहा. मूळ जपानी आवाज निवडा; स्पाइकसाठी कोइची यामादेरा आणि फेसाठी मेगुमी हायाशिबारा यांनी लावलेला स्वर चुकवू नये असा आहे. आणि प्रत्येक भागाच्या अखेरचे गाणे संपेपर्यंत जागचे उठू नका.