युद्धकैद्याच्या कार्डातील ‘खुशाल’ या शब्दाची साक्ष

घरात जपून ठेवलेल्या कार्डांवरून एखाद्या आप्ताच्या युद्धकैदेची हकीकत जुळवू पाहणारा अभ्यासक प्रथम मजकुराकडे वळतो, आणि तेथेच त्याची दिशाभूल होण्याचा संभव अधिक असतो. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, बेळगाव या भागांतून मराठा पलटणींत भरती झालेल्यांचे वंशज आज मुंबईच्या उपनगरांत, पार पवई-घाटकोपरपर्यंत, विखुरलेले आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या पेटीत असे कार्ड निघाले, तर ते कसे वाचावे, एवढाच येथे प्रश्न आहे.

पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण, २१ जून १९४२ रोजी तोब्रुक पडले तेव्हा, शत्रूच्या हाती लागली. तेथे एकंदर सुमारे ३३,००० सैनिक कैद झाले. भारतीय कैद्यांपैकी पुष्कळांना इटलीत नेण्यात आले. अवेझ्झानो येथील ९१ क्रमांकाची छावणी त्यांच्यासाठीच होती. छावणीत आल्यापासून आठवड्याच्या आत, आपण कैद झालो व आपली प्रकृती कशी आहे हे घरी कळवणारे कार्ड धाडण्याची मुभा १९२९ च्या जिनीव्हा कराराच्या ३६ व्या कलमाने कैद्यास दिली होती. इटलीत त्यासाठी छापील कार्डे असत, आणि चांगली वागणूक मिळत असल्याचे वाक्य त्यांवर आधीच छापलेले असे. ते वाक्य कैद करणाऱ्याचे होते, हे उघड आहे.

हाताने लिहिलेल्या मजकुराविषयी मात्र आपण तितके सावध नसतो. मराठी पत्रालाही साचा आहे : ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, ‘इकडील सर्व खुशाल’, ‘काळजी करू नये’, ‘कळावे’. घरात कोणी तापाने फणफणत असतानाही ‘सर्व खुशाल’ लिहिले जाते. कारण त्या शब्दांचे काम बातमी देणे हे नसून नाते राखणे हे असते. तेव्हा त्यांवरून छावणीत अन्न पुरेसे होते असा निष्कर्ष काढणे, किंवा सेन्सॉरच्या धाकाने कैदी खोटे लिहीत होता असे ठरवणे, दोन्ही सारखेच निराधार होय.

मग साक्ष कशाची घ्यावी? पहिली, पत्त्याच्या बाजूची : छावणीचा क्रमांक, शिक्के, तारखा. ८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीची शस्त्रसंधी जाहीर झाल्यावर पुष्कळ कैदी जर्मनीत हलवले गेले. त्या सुमारास बदललेला पत्ता किंवा पत्रांत पडलेला खंड पुष्कळ काही सांगून जातो. दुसरी, साचा मोडल्याची : नेहमीचा मायना गळणे, बैलाची किंवा सोबत्याची अवचित चौकशी. तिसरी, अक्षराची व रूपांची : सांगणारा एक आणि लिहिणारा दुसरा असेल, तर बोलीतील व पुस्तकी रूपांच्या सरमिसळीत त्याची खूण सापडू शकते.

कैद्याचा पत्रव्यवहार सामान्यतः त्याच्या मातृभाषेत असावा, असेही त्याच कलमात म्हटले होते. ती मातृभाषा तिच्या संकेतांसह वाचणे हे आपले काम आहे. ‘खुशाल’ लिहिणाऱ्याने घरच्यांना धीर दिला होता. त्या शब्दावरून त्याला छावणीच्या कारभाराचा साक्षीदार करणे हा त्याच्यावर अन्याय होईल.